मुलीसाठी मागवलेलं ‘पिशवीचं मॉडेल’: साडेतीन स्टार, आणि दीड कुठे कापला ते

खोका आला तेव्हा मी बँकेत होते आणि डिलिव्हरी नेमकी सासऱ्यांनी घेतली. मिक्सरचं भांडं मागवलेलं होतं ना त्याच आठवड्यात, त्यांना वाटलं तेच, म्हणून खोकं उघडलं, वरचा थर्माकोल काढला, आणि परत तसाच ठेवून दिला. संध्याकाळी मला म्हणाले, “सूनबाई, तुमचं ते कॉलेजचं काहीतरी आलंय,” आणि चप्पल घालून फिरायला गेले. मी कॉलेज सोडून अठरा वर्षं झालीत. माणूस रिटायर्ड शिक्षक आहे बरं का, र. धों. कर्वेंनी मुंबईत १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं त्याबद्दल कुठेही उभे करा, तासभर बोलतील. पण प्लास्टिकचं गर्भाशय खोक्यातून वर बघायला लागलं की फिरायला जातात.

तर वस्तू काय आहे ते सांगते. स्त्रीच्या ओटीपोटाचा मधोमध उभा कापलेला अर्धा भाग, खऱ्या मापाचा, पांढऱ्या स्टँडवर बसवलेला. आतले तीन अवयव काढता-घालता येतात, मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय, आणि गर्भाशयासोबत एका बाजूची अंडनलिका आणि अंडाशय जोडलेलं. सगळ्यावर बारीक आकडे छापलेत एकतीसपर्यंत, आणि सोबत एक कार्ड, त्यावर आकड्यांची नावं. मेडिकल-नर्सिंगच्या मुलांसाठीचं असतं हे खरं तर. ऑनलाइन घेतलं, अठराशे पन्नासला पडलं, विकणाऱ्याचं नाव मुद्दाम देत नाही कारण हेच मॉडेल दहा जण विकतात आणि माल सगळा एकच दिसतो.

घ्यायचं कारण असं झालं की लेक बारा वर्षांची, सातवीत. तिच्या वर्गातल्या एकीला शाळेतच पाळी आली आणि त्या मैत्रिणीने हिला सांगितलं की पोटात एक रक्ताची पिशवी असते आणि ती दर महिन्याला फुटते. रात्री झोपताना लेक मला विचारते, “आई, फुटल्यावर दुसरी कुठून येते?” मी हसले आधी. मग लक्षात आलं की चूक तिची नाहीच, आपणच सगळे ‘पिशवी, पिशवी’ म्हणतो, पिशवी खाली सरकली, पिशवीला सूज आली, पिशवी काढली. आणि रक्त येतं म्हटल्यावर पोरीने दोन्ही जोडून घेतलं, तिचं लॉजिक अगदी बरोबर आहे.

मला माझ्या वेळी तेवढंही नव्हतं मिळालं. “कावळा शिवलाय, चार दिवस बाजूला बस” एवढीच माहिती, आणि बाकीची पॅडच्या पाकिटावरची.

पहिल्यांदा मी चित्र दाखवून बघितलं. पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकातून एक चार्ट आणलेला. आता ही चित्रं बहुतेक समोरून काढलेली असतात, मधे गर्भाशय आणि दोन्हीकडे नळ्या फाकवलेल्या, लेक म्हणाली हे तर बैलाचं डोकं आहे, शिंगं आणि सगळं. आणि खरंच, एकदा तसं दिसलं की दुसरं काही दिसत नाही. शिवाय त्या चित्रात लघवीची पिशवी नाही, आतडं नाही, पाठीचं हाड नाही, म्हणजे ते बैलाचं डोकं नेमकं कुठे टांगलंय हेच कळत नाही. तिने विचारलं की हे बेंबीच्या वर का खाली, आणि शू येते ती याच रस्त्याने का. मला चार्टवर बोट ठेवून उत्तर देता येईना. म्हणून मॉडेल.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसलो, मी आणि लेक, सासूबाई शेंगा सोलत होत्या त्या “माझं काही नाही, तुमचं चालू दे” म्हणत शेजारी, आणि जाऊबाईंचा मुलगा, चौदा वर्षांचा, तो आमच्याकडेच पडीक असतो रविवारी. त्याला हाकलायचं का यावर मी एक मिनिट विचार केला आणि नाही हाकललं. एवढंच म्हटलं की खिदळलास तर शेंगा सोलायला लावीन.

आता जे आवडलं ते. साइज! हा एकच मुद्दा पैसे वसूल करून देतो. गर्भाशय काढून हातात दिलं की प्रत्येकाची पहिली रिअॅक्शन सेम, एवढंसं? साधारण साडेसात सेंटिमीटर लांब, पाच रुंद, उलटा धरलेला छोटा पेरू समजा, देठाकडचा निमुळता भाग खाली. सासूबाईंनी शेंगांचे हात पदराला पुसून ते घेतलं, तळहातावर ठेवलं, उलटंपालटं केलं. चार बाळंतपणं झालेली बाई. म्हणाल्या, “यात मावली होती का ही चौघं?” मग मी सांगितलं की सगळा स्नायू आहे तो, ताणला जातो, नऊ महिन्यांत बरगड्यांपर्यंत येतो आणि बाळंतपणानंतर सहाएक आठवड्यांत परत आवळून जवळपास एवढाच होतो. त्या काही बोलल्या नाहीत, पण ते गर्भाशय बराच वेळ त्यांच्याच हातात होतं, लेकीला दोनदा मागावं लागलं.

दुसरं म्हणजे जागा कळते. पुढे मूत्राशय, मधे गर्भाशय, मागे गुदाशय, तिघं एकमेकांना चिकटून, गर्दीच्या एसटीत बसल्यासारखे. गर्भाशय सरळ उभं नसतं, पुढे मूत्राशयावर झुकलेलं असतं, हे मला स्वतःला माहीत नव्हतं. बाळ वाढायला लागलं की दर अर्ध्या तासाने बाथरूम का गाठावी लागते ते लेकीने बघूनच सांगितलं, मला सांगावंच लागलं नाही. साधारण पाचातल्या एका बाईचं मागे झुकलेलं असतं आणि तेही नॉर्मल असतं, हे मात्र मॉडेलमध्ये नाही, आमच्या डॉक्टर मॅडमनी सांगितलं. मी त्यांना दोन-तीनदा व्हॉट्सअॅपवर त्रास दिला या सगळ्यात, त्यांच्यामुळेच हा रिव्ह्यू जरा शहाण्यासारखा झालाय.

तिसरं, योनीमार्ग वर जाऊन बंद होतो हे बोट घालून कळतं, म्हणजे मॉडेलात. वरच्या टोकाला गर्भाशयाचं तोंड येतं आणि त्याचं भोक अगदी बारीक. लेकीच्या मैत्रिणींमध्ये अशी अफवा होती की पाळीत पॅडऐवजी आत घालायचा कप किंवा टॅम्पॉन वापरला तर तो आत जाऊन पोटात हरवतो. कुठे हरवणार, सात ते दहा सेंटिमीटरची गल्ली आणि पुढे भिंत. ते बघितल्यावर तो विषय संपला, मी दहा वेळा समजावून जो संपला नसता.

आणि तेच गर्भाशयाचं तोंड दाखवून मला लसीचंही सांगता आलं. तिला पुढच्या महिन्यात एचपीव्हीची लस द्यायची आहे, ती विचारत होती की मला काही झालं नाही तर सुई का. एचपीव्ही या विषाणूमुळे कॅन्सर होतो तो नेमका या टोकाला, आणि लस आधीच घ्यायची असते, नऊ ते चौदा या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस असं आमच्या मॅडमनी सांगितलंय. पुण्याच्या सीरमची देशी लस २०२३ पासून बाजारात आहे. सुईची भीती गेली नाही तिची, पण कशासाठी ते कळलं.

आता जिथे मॉडेल कमी पडतं.

पाळी यात समजत नाही. सॉरी, पण नाही समजत. आतल्या बाजूला एक गुलाबी रंगाचा पट्टा मारलाय, ते म्हणे अस्तर. आता जी मुख्य गोष्ट आहे, की हे अस्तर दर महिन्याला जाड होतं, गर्भ राहिला नाही की हार्मोन्स खाली येतात आणि ते सुटून बाहेर पडतं, ती रंगाच्या पट्ट्यात कशी दिसणार? पण ‘अस्तर’ हा शब्द मात्र भारी उपयोगी पडला. लेकीला म्हटलं ब्लाऊजला आतून अस्तर असतं ना, ब्लाऊज तोच राहतो, अस्तर तेवढं उसवून नवीन लावायचं. पिशवी फुटत नाही, अस्तर बदलतं. तिला पटलं. लगेच पुढचा प्रश्न, की मग पोट का दुखतं. दुखतं कारण ते अस्तर बाहेर टाकायला तो पेरूएवढा स्नायू आवळतो, आणि आवळायला लावणारी जी केमिकल्स असतात, प्रोस्टाग्लँडिन, ती जास्त झाली की जास्त कळा.

रक्त किती जातं हेही दाखवायचं होतं. खोकल्याच्या औषधाचं दहा मिलीचं झाकण असतं ना, ते धुऊन घेतलं आणि कोकम सरबत भरून तीन-चार झाकणं एका काचेच्या वाटीत ओतली. एवढंच, तीस-चाळीस मिली, सगळ्या दिवसांचं मिळून. पॅडवर पसरतं म्हणून बादलीभर वाटतं. पुतण्या म्हणाला काकू फक्त एवढं? मी म्हटलं हे सरासरी आहे, काहींना जास्त जातं, आणि ऐंशीच्या पुढे जायला लागलं तर डॉक्टरकडे जायचं. तासातासाला पॅड भिजत असेल तर थांबायचंच नाही. सासूबाईंचं लक्ष वेगळीकडेच, “सरबत सांडू नका, महाग झालंय कोकम.” नंतर ते कोणी प्यायलं नाही, मीच प्यायले.

अंडनलिकेचंही तसंच. मॉडेलमध्ये ती अंडाशयाला फेव्हिकॉलने चिकटवल्यासारखी घट्ट. प्रत्यक्षात नळीचं तोंड अंडाशयापाशी मोकळं असतं, त्याला बोटांसारखी झालर असते आणि अंड बाहेर पडलं की ती झालर त्याला आत ओढून घेते. दहा-बारा सेंटिमीटरचा प्रवास आणि शुक्राणूशी गाठ पडायला अंड्याकडे वेळ जेमतेम एक दिवस. अंडाशय बदामाच्या आकाराचं, ते मात्र यात बरोबर दाखवलंय. मुलगी जन्मते तेव्हा दहा-वीस लाख अंडबीजं घेऊनच जन्मते, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि आयुष्यभरात त्यातली चारेकशेच बाहेर पडतात. म्हणजे मी पोटात होते तेव्हाच माझ्या पोटात माझ्या लेकीचं अंडबीज होतं, हे बोलले तेव्हा टेबलावर शांतता, मग पुतण्या म्हणाला, “म्हणजे ही आजीच्या पण पोटात होती?” सासूबाई नाही रे, हिच्या आईच्या आईच्या, असं करत बसले मी, त्या नादात शेंगांचं टरफल सगळीकडे.

योनीमार्गही बोगद्यासारखा उघडा दाखवलाय, तसा तो नसतो. भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात, उशीचा रिकामा अभ्रा असतो तशा. आणि आतून तो स्वतःच स्वतःला साफ ठेवतो, आतलं वातावरण जरा आंबट असतं, दह्यातले असतात त्या जातीचे चांगले जंतू तिथे राहतात, त्यामुळे आत साबण, वॉश, सुगंधी काही घालायचं नाही. थोडं पांढरं जाणं नॉर्मल. हे सांगताना मीच आधी किती वर्षं ते महागाचे लिक्विड आणत होते ते आठवलं. असो.

आता मोठी तक्रार, जिचे दीड स्टार कापलेत. आत सगळं आहे, एकतीस आकडे आहेत, मणक्यालासुद्धा आकडा आहे. पण बाहेरचा भाग? खाली एक गुलाबी उंचवटा, त्याला एक आकडा, कार्डावर ‘बाह्य जननेंद्रिय’. संपलं. जे आत आहे, जे मुलीला सोनोग्राफीशिवाय जन्मात दिसणार नाही, त्याचं इतकं बारीक काम, आणि जे ती रोज आंघोळीला धुते, जिथे खाजलं दुखलं तर आधी तिला कळणार, तिथे नुसता उंचवटा.

लेकीचा मूळ प्रश्न तोच होता ना, शू याच रस्त्याने का! तीन वेगळी दारं आहेत, पुढे लघवीचं, मधे योनीचं, मागे गुदद्वार. मॉडेल उभं कापलेलं असल्यामुळे आतले तीन रस्ते दिसतात, पण खालून बघितलं तर दारं कुठायत? पुतण्या म्हणाला त्याला तर दोनच वाटायची. त्याला हसू नका, माझ्या ऑफिसातल्या दोन मुलांच्या आईने मला हेच सांगितलं होतं. आणि लघवीचा रस्ता बायकांचा जेमतेम चार सेंटिमीटर, मागचं दार जवळ, म्हणून पुसताना पुढून मागे पुसायचं, ही साधी गोष्ट दारं दिसल्याशिवाय पटत नाही.

यात आपल्या भाषेचाही घोळ आहे. घरात ‘शूची जागा’, ‘खालचं’, शाळेत एकदम ‘योनी’, आणि रस्त्यावर शिव्या. मधलं काही नाहीच. आणि योनी म्हणजे आतला मार्ग, बाहेरच्या सगळ्या भागाला भग म्हणतात, बाहेरचे ओठ, आतले ओठ, वर शिश्निका, इंग्रजीत क्लिटोरिस. मी हे शब्द सरळ वापरायचे ठरवले, पहिल्या दिवशी माझीच जीभ अडखळली, तिसऱ्या दिवसापर्यंत कोपर-गुडघा म्हटल्यासारखं झालं.

शिश्निका तर मॉडेलमधून गायबच. शोधली मी, आकडा नाहीच. आता बाहेर ती मटाराच्या दाण्याएवढीच दिसते पण आत तिचे दोन पाय योनीच्या दोन्ही बाजूंनी पसरलेले असतात, सगळं धरून नऊ-दहा सेंटिमीटर. भरपूर नसा तिथे एकवटलेल्या, म्हणून ती जागा नाजूक. ऑस्ट्रेलियातल्या हेलन ओ’कॉनेल नावाच्या सर्जनबाईंनी १९९८ साली नीट मोजून-मापून मांडलं की पुस्तकांतली चित्रं चुकीची आहेत, आणि मी स्वतः तेव्हा लेकीच्याच वयाची होते. म्हणजे मला कोणी सांगितलं नाही तर नवल नाही. पण आज मॉडेल बनवणाऱ्याला काय झालं? फ्रान्समध्ये २०१६ साली शाळांसाठी थ्रीडी प्रिंटचं मॉडेल आलं, आपल्याकडे मणक्याला आकडा.

आणि जे नको ते मात्र आहे. योनीच्या तोंडाशी एक पूर्ण पडदा दाखवलाय, पापडासारखा, त्याला आकडा आहे, ‘योनिपटल’. हे सरळसरळ चूक. तो पडदा नसतोच, कडेकडेने असलेली मऊ, ताणणारी घडी असते, कोणाची जास्त कोणाची कमी, मधे मोकळंच असतं, नाहीतर पाळीचं रक्त बाहेर कसं येईल? पूर्ण बंद असणं हा फार क्वचित आढळणारा जन्मजात दोष असतो आणि त्याचं छोटं ऑपरेशन करतात. त्यावरून कोणाचं काहीही ओळखता येत नाही. याच पापडाच्या कल्पनेपायी आपल्या महाराष्ट्रात लग्नाच्या रात्री रक्ताचा डाग बघायला पांढरी चादर घातली गेलीय, कंजारभाट समाजातल्याच मुलामुलींनी २०१८ च्या सुमाराला त्याविरुद्ध आवाज उठवला, मग सरकारने २०१९ मध्ये तो गुन्हा धरू असं जाहीर केलं. बलात्कार झालेल्या बाईला दोन बोटं घालून तपासायची जी टू फिंगर टेस्ट, तिच्यावर सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये एकदा आणि २०२२ मध्ये परत सुनावलं. एवढं सगळं होऊनही फॅक्टरीत पापड चिकटवणं चालूच. मी नेलकटरने तो काढून टाकला. वॉरंटी गेली असेल, जाऊ दे.

रंगाचं पण बोलूनच घेते, बाहेरून सगळं मॉडेल गोरंगुलाबी. आपल्याकडची बाहेरची कातडी सावळी, गडद असते, दोन्ही बाजू सारख्या नसतात, वयात येताना बदलतात. पोरी असली गुलाबी चित्रं बघून स्वतःत काही बिघाड आहे समजतात आणि कोणाला विचारतही नाहीत.

मग आम्ही काय केलं, गणपतीला आणलेल्या शाडूतला गोळा उरला होता. तो भिजवला आणि तळहाताएवढी वडी थापून मी बाहेरचा भाग बनवला, ओठ, शिश्निका, तीन दारं. काडेपेटीच्या काडीने भोकं पाडली. फोटो डॉक्टर मॅडमना पाठवला, म्हटलं बघा तरी. त्यांचा रिप्लाय, “लघवीचं छिद्र फार वर घेतलंयस, योनीच्या लगेच वर असतं ते.” दोन बाळंतपणं झालेली मी, कॅथेटर लावून घेतलेली! पुसून परत काडी टोचली. लेकीने प्रत्येक दाराला टूथपिकचा झेंडा लावला, नावं तिच्याच अक्षरात. वाळल्यावर मॉडेलच्या खाली दोन रबरबँडने बसवलं तर फिट्ट.

एक प्रसंग सांगायचा राहिला, रिव्ह्यूत बसतो का माहीत नाही. मॉडेल टेबलावरच होतं तर आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फडकं हातात घेऊन थांबल्या. पस्तीस-छत्तीसच्या असतील. गर्भाशयावर बोट ठेवून म्हणाल्या, “ही माझी काढली.” मी म्हटलं का हो? तर अंगावरून पांढरं जायचं, डॉक्टर म्हणाले पुढे कॅन्सर होईल. मग अंडाशयाकडे बोट, “हे बी काढलं असंल का?” मला काय माहीत. अंडाशय ठेवली असतील तर हार्मोन्स चालू राहतात, काढली असतील तर त्या वयात एकदम पाळी जाण्याचे सगळे त्रास, हाडं ठिसूळ, अंगाची आग. त्यांना अंगाची आग होत होती. कागद आहेत का विचारलं तर पावसात भिजले म्हणाल्या. बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ ला आल्या, सरकारने समिती नेमली, मी तेव्हा चहा पीत वाचलं होतं सगळं. मावशींना डॉक्टर मॅडमकडे पाठवलं, सोनोग्राफी करून बघू म्हणाल्या आहेत.

बाकी किरकोळ. वास येतो, पहिले चार दिवस बाल्कनीत ठेवा. मूत्राशयाचं चुंबक ढिलं, मॉडेल जरा हललं की टक्कन खाली पडतं, आणि ते नेमकं जेवताना घरंगळत माझ्या नवऱ्याच्या ताटापाशी गेलं. कस्टमर केअरला फोन केला. मुलगा विचारतो, “मॅडम, तो पिंकवाला पार्ट का?” म्हटलं नाही, पिवळा, मूत्राशय. तो म्हणे, “म्हणजे... येलोवाला पार्ट.” पाच मिनिटं बोललो, त्याने एकदाही नाव घेतलं नाही, मी बारा वेळा घेतलं. सुटा पार्ट मिळत नाही म्हणाला. कार्ड नुसतं इंग्रजीत, त्यातही स्पेलिंगच्या चुका, वर दिलेली मराठी नावं मीच लिहून त्यावर सेलोटेपने चिकटवलीत.

घ्यायचं का विचाराल तर घ्या, पण एकटीसाठी घेऊ नका, चार घरांत मिळून घ्या. फक्त मुलीला पाळीबद्दल सांगायचं असेल तर यापेक्षा अस्तराचा ब्लाऊज आणि औषधाचं झाकण पुरतं. सोबत हे सांगून ठेवा की पहिली एक-दोन वर्षं तारखा मागेपुढे होतात, एकवीस ते पंचेचाळीस दिवस काहीही चालतं, पंधरा वर्षं पूर्ण होऊनही आली नाही तर मात्र दाखवायचं.

मॉडेल सध्या घरी आलंय, मधे महिनाभर नव्हतं. त्या ‘पिशवी फुटते’वाल्या मैत्रिणीला लेकीने नेऊन दिलं होतं, शाडूच्या वडीसकट. परवा तिच्या आईने परत पाठवलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत, मेडिकलवाला पॅड देतो अगदी तसं. उघडून बघितलं तर सगळे पार्ट जागेवर, मूत्राशयसुद्धा, पण वडी नाही. वाटलं फुटली असेल, म्हणून फोन केला की काही हरकत नाही, शाडू अजून आहे, दुसरी करते.

“नाही हो, फुटली नाही,” त्या म्हणाल्या, मग जरा थांबल्या. “राहू दे ना थोडे दिवस. मीच बघतेय अजून.”